दोन वर्षांचा व्हिसा आणि बारा वर्षांचा कुत्रा

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘डीआयपी’, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोदामे, कारखाने, कामगारांच्या वसाहती आणि ट्रकच्या रांगा येतात. जबल अलीच्या पाठीमागे पसरलेला हा मोठा पट्टा. त्यातच ग्रीन कम्युनिटीसारखी झाडाझुडपांची वस्ती आहे, शाळा आहेत आणि २०२१ पासून मेट्रोचे स्टेशनही आहे. पण याच भागात एक ठिकाण असे आहे, की शेवटच्या वळणानंतर पत्ता विचारावा लागत नाही. भुंकण्याच्या दिशेने गाडी न्यावी. ‘के-नाइन फ्रेंड्स’ हे ते कुत्र्यांचे शेल्टर. १९८९ साली सुरू झालेली ही संस्था मुख्यतः स्वयंसेवक आणि देणग्या यांच्या बळावर चालते. रस्त्यावर सापडलेली, वाळवंटात सोडून दिलेली, मालक देश सोडून गेल्यामुळे पोरकी झालेली कुत्री इथे येतात. त्यांचे लसीकरण आणि नसबंदी होते आणि मग त्यांच्यासाठी घर शोधले जाते. असे शेल्टर गोदामांच्या शेजारी का, याचे उत्तर सोपे आहे. शंभर कुत्री एकदम भुंकली तरी गोदाम तक्रार करत नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात, विशेषतः जेवणाच्या रांगेत, मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘तुम्ही तिथे जाऊन नेमके करता काय?’ हा पहिला. दुसरा जरा हळू आवाजात: ‘अहो, पण मदत करायला माणसे कमी आहेत का?’ दुसरा प्रश्न मी फालतू मानत नाही. डीआयपीत तर तो अधिकच बोचतो, कारण तिथल्या रस्त्यांच्या कडेला दाटीने राहणारे कामगार पहाटे बसची वाट पाहत उभे असतात. माझे उत्तर एवढेच, की मदत म्हणजे एका पातेल्यातली आमटी नव्हे, एकाला वाढली म्हणून दुसऱ्याला कमी पडायला. कुत्री फिरवणाऱ्या मंडळींतच मला रक्तदानाची शिबिरे भरवणारे आणि कामगारांना इंग्रजी शिकवणारे लोक भेटले आहेत. हा प्रश्न विचारून थांबणारेही भेटले आहेत, पण ते जाऊ द्या.

पहिला प्रश्न मात्र सविस्तर उत्तराच्या योग्यतेचा आहे. त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. घाबरू नका, नुसता गुणाकार आहे.

खानावळीचे गणित

दादरच्या एखाद्या गर्दीच्या हॉटेलात ताशी ६० गिऱ्हाइके येतात आणि प्रत्येक जण सरासरी अर्धा तास बसतो असे समजा. मग कोणत्याही क्षणी आत सरासरी ३० माणसे असणार, म्हणजे ३० खुर्च्या हव्यात. लोक गप्पा मारत पाऊण तास बसू लागले तर ४५ खुर्च्या हव्यात. गिऱ्हाईक एकही वाढलेले नाही, तरी बाहेर रांग लागते. आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले मुक्काम. हे इतके उघड वाटते, की सिद्ध करायला काय आहे असे वाटावे. पण सर्वसाधारण रूपात ते जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली सिद्ध केले आणि आमच्या धंद्यात ते ‘लिटलचा नियम’ म्हणून ओळखले जाते. सर्व्हरवर किती विनंत्या तुंबतील हे मी रोज याच नियमाने काढते.

आता हेच शेल्टरला लावून पाहू. समजा, दररोज सरासरी एक कुत्रे येते आणि घर मिळेपर्यंत सरासरी १०० दिवस राहते. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत, कोणत्याही संस्थेचे नव्हेत.) मग शेल्टरमध्ये नेहमी शंभराच्या आसपास कुत्री असणार. मुक्काम १३० दिवसांवर गेला तर १३० पिंजरे लागतील. पिंजरे शंभरच असतील तर तीस कुत्री कुठे जातात? ती आपल्याला दिसत नाहीत. फोनवर ‘सध्या जागा नाही’ असे सांगितले जाते आणि फोन करणारा काय करतो हे फोन ठेवल्यावर कळत नाही. उलट, मुक्काम १०० वरून ८० दिवसांवर आणला तर त्याच शंभर पिंजऱ्यांतून वर्षाला ३६५ ऐवजी ४५६ कुत्र्यांना घर मिळू शकते. एक वीट न रचता, केवळ मुक्काम कमी करून, ९१ जीव.

सरासरी मात्र फसवी असते. शंभरातली नव्वद कुत्री ४० दिवसांत घरी गेली आणि दहा ६४० दिवस राहिली, तरी सरासरी शंभरच येते. पण त्या दहांनी एकूण जागेचा चौसष्ट टक्के भाग अडवलेला असतो. ही दहा कोण? अंगाने मोठी, वयाने थोराड, माणूस दिसला की कोपऱ्यात पाठ करून बसणारी. गोजिरवाणे पिल्लू स्वतःच्या चेहऱ्यावर घर मिळवते, त्याला स्वयंसेवकाची फार गरज नसते. दोन वर्षे पिंजऱ्यात काढलेल्या सहा वर्षांच्या कुत्र्याला असते. शेल्टरमध्ये स्वयंसेवक काय करतो, याचे एका ओळीतले उत्तर म्हणून असे, की तो या दहांचा मुक्काम कमी करतो.

मुक्काम कमी करण्याचा आणखी एक रस्ता आहे आणि तो जगभरच्या नगरपालिकांनी शतकानुशतके वापरला: ठराविक दिवसांत मालक आला नाही, की मारून टाकायचे. गणित तेव्हाही बरोबर सुटते. आपल्या मुंबईत तर या प्रकारावरून दंगल झाली होती, ती कहाणी बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

भुलेश्वर ते परळ

जून १८३२. कंपनी सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि कुत्र्यामागे बक्षीस लावले. बक्षीस लावले की काय होते ते सांगायला नको. पाळलेली, दारात बसलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे, अंत्यविधीतही त्याचा भाग असतो. त्यांनी विरोध केला, दुकाने बंद ठेवली, दोन दिवस फोर्टात गोंधळ झाला, शेवटी लष्कर आणावे लागले. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्याबरोबरच्या गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत निघाली आणि पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई रुग्णालय झाले, ज्याला सारी मुंबई ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणते. परदेशी शेल्टरमध्ये काम करणे हे काही गोऱ्यांचे फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांना मी परळचा पत्ता देते.

पण मुंबईची आणि दुबईची गोष्ट एका बाबतीत अगदी वेगळी आहे, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळे आपली माणसे गोंधळतात. मुंबई-पुण्याच्या कुत्र्याला मालक नसेल, पण गल्ली असते. पानवाला त्याला पाव टाकतो, वॉचमनच्या खुर्चीखाली तो झोपतो. म्हणून भारतातले नियम (२००१ चे, आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे) असे सांगतात, की कुत्रे पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच परत सोडा. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री उचलून कायमची शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभर वाद पेटला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला आणि रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री सोडून बाकीची लस-नसबंदीनंतर परत सोडावीत असे सांगितले. त्याच नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, स्थानके अशा जागांपुरता वेगळा आदेश आला. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईबापांचा संताप मला समजतो, आणि ज्यांच्या गल्लीत टोळ्या फिरतात त्यांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण ‘सगळी शेल्टरमध्ये ठेवा’ या वाक्याला लिटलचा नियम लावून पाहा. बाहेर जाण्याची वाटच नसेल तर मुक्काम म्हणजे कुत्र्याचे उरलेले आयुष्य. दिवसाला एक कुत्रे आणि दहा वर्षांचा मुक्काम धरला, तर एका शेल्टरला ३,६५० पिंजरे लागतात.

दुबईत परत सोडायला गल्लीच नाही. इथे कुत्र्याला एक तर घर असते, नाही तर शेल्टर, नाही तर वाळवंट. म्हणून इथले सारे काम घर शोधण्यापाशी येऊन थांबते.

कुत्री येतात कुठून

काही वाळवंटातलीच असतात. बांधकामांच्या आसपास आणि वस्तीच्या कडेला जन्मलेली, लांब पायांची, अंगाने सडपातळ. बऱ्याचदा त्यांच्यात सलुकीचे रक्त दिसते. सलुकी हा अरबस्तानातला जुना शिकारी कुत्रा आणि बदाऊनी लोकांनी त्याला पिढ्यान् पिढ्या मानाने वागवले आहे. इस्लामी देशात कुत्रे कसे चालते, असे आपल्याकडचे पाहुणे विचारतात. खरे तर कुत्र्याची लाळ लागली तर धुवून घ्यावे, घरात कुत्रे ठेवू नये, असे मानणारे पुष्कळ आहेत. शिकारीच्या आणि राखणीच्या कुत्र्याला मात्र परंपरेने मोकळीक आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतले पाणी पाजणाऱ्याच्या पापांना क्षमा मिळाल्याची कथाही त्यांच्याकडे आहे. आपण तरी काय वेगळे? दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रे, आणि पंगतीच्या जवळ आले की ‘हाड्!’ एवढे लक्षात ठेवले की पुरे: लिफ्टमध्ये शेजारी कचरला तर आपण कुत्र्यासह पुढच्या लिफ्टने जावे.

दुसरी कुत्री घरांतून येतात, आणि इथे आपला, म्हणजे परदेशी नोकरदारांचा, थेट संबंध येतो. आपल्यापैकी बहुतेकांचा नोकरीचा व्हिसा दोन वर्षांचा, पुढे नूतनीकरण होईल या भरवशावरचा. कुत्र्याचे आयुष्य बारा-तेरा वर्षांचे. मुलगा चौथीत असताना हट्टाने आणलेले पिल्लू तो इंजिनिअर होऊन कॅनडाला जाईपर्यंत घरात असते, आणि मधल्या काळात बापाची नोकरी किती वेळा बदलते ते मोजा. २००८-०९ च्या मंदीत लोक विमानतळावर गाड्या सोडून गेले हे सर्वांनी वाचले; त्याच वर्तमानपत्रांत सोडून दिलेल्या मांजर-कुत्र्यांच्या बातम्याही होत्या. २०२० साली महामारीत पुन्हा तेच झाले. मोठे संकट नसले तरी दरवर्षी शाळा संपल्यावर, जून-जुलैत, बदल्या आणि परतीची विमाने ठरतात आणि शेल्टरचे फोन वाजू लागतात.

हे कायद्यालाही मान्य नाही. अमिरातीत प्राण्यांच्या संरक्षणाचा संघीय कायदा २००७ पासून आहे आणि २०१६ मध्ये तो अधिक कडक झाला. प्राण्याला वाऱ्यावर सोडणे शिक्षेस पात्र आहे. पण सामान बांधून झालेले, घराची किल्ली परत दिलेली आणि रात्रीचे विमान असलेले कुटुंब कायदा वाचत नाही. त्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यांच्यात दुष्टपणापेक्षा उशीर जास्त दिसतो. चार महिने आधी केलेल्या फोनला शेल्टर काही उत्तर देऊ शकते, चार दिवस आधी केलेल्या फोनला नाही.

परत भारतात जाणाऱ्यांसाठी एक माहिती. दोन वर्षे बाहेर राहून कायमचे परतणाऱ्याला पाळीव कुत्रा सोबत नेता येतो. अमिरातीच्या पर्यावरण मंत्रालयाचा निर्यात दाखला, भारताच्या पशु-विलगीकरण विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, रेबीजच्या लसीची नोंद आणि मायक्रोचिप लागते, आणि ठरलेल्याच विमानतळांवर उतरावे लागते. मुंबई त्यांत आहे. खर्च होतो, कागद पुष्कळ लागतात, पण अशक्य काही नाही. नियम बदलत असतात म्हणून निघण्याच्या तीन-चार महिने आधी चौकशी सुरू करावी.

सकाळी तिथे काय चालते

आता प्रत्यक्ष काम. मी पीएच.डी. आहे, वितरित संगणकप्रणालींवर माझे निबंध आहेत, आणि पहिला महिना मी शेल्टरमध्ये चादरी आणि पाण्याची भांडी धुतली. हे बरोबरच होते. आपल्या लोकांना स्वयंसेवक म्हटले की समिती आठवते. मी गेल्या गेल्या नोंदींसाठी नवी प्रणाली बनवून देण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे विचारले, की शनिवारी सकाळी साडेसहाला येणे जमेल का. जमेल म्हटले. प्रणालीचा विषय नंतर निघाला नाही.

नव्या कुत्र्याला आधी वेगळे ठेवतात, कारण पार्व्होसारखा विषाणू अंगात असूनही काही दिवस दिसत नाही आणि एकदा जागेत शिरला तर महिनोन्महिने टिकतो. म्हणून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जाताना हात धुणे, बूट जंतुनाशकात बुडवणे, हे सोवळ्याइतके काटेकोर असते. आमच्या आजीला हे फार आवडले असते. गोचीड बघणे हेही मोठे काम. इथे गोचिडीमुळे होणारा ताप कुत्र्यांना सर्रास होतो. कानांच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली, रोज.

मग फिरवणे. ते उन्हाळ्यात वाटते तितके सोपे नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याचे बाष्प करून अंग थंड ठेवतो. ऑगस्टात जबल अलीच्या बाजूला हवेत इतका दमटपणा असतो, की बाष्पच होत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.५ अंशांच्या आसपास. ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. डांबराचे तर विचारूच नका, हवा ४५ अंश असताना रस्ता साठ अंशांच्या वर जातो आणि पंजे पोळतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही नाही. कामगारांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. कुत्र्याची बंदी सकाळी आठलाच सुरू होते असे समजावे. म्हणून साडेसहा.

या फिरण्याचा उपयोग काय? मोकळी हवा, व्यायाम, हे तर आहेच. पण मायकल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एका शेल्टरमध्ये कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, मोजले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त आढळले. पुढे माणसाने शांतपणे कुरवाळल्याने हा ताण कमी होतो असेही त्यांना दिसले. ताणातले कुत्रे एक तर जाळीवर उड्या मारते किंवा भिंतीकडे तोंड करून बसते, आणि दोन्हींना पाहून घर शोधायला आलेले कुटुंब पुढच्या पिंजऱ्याकडे सरकते. तेच कुत्रे वीस मिनिटे फिरून आले की माणसासारखे वागते. (हा वाक्प्रचार इथे बसत नाही, पण दुसरा सुचत नाही.)

फिरवून आल्यावर वहीत लिहायचे असते, आणि हे काम आपल्या लोकांना खरोखर चांगले जमावे. ‘गोड आहे’ असे लिहून उपयोग नाही. ‘सायकलला घाबरला, माणसांना नाही. पट्टा ओढतो, पण थांब म्हटल्यावर थांबला. दुसऱ्या नर कुत्र्यावर गुरगुरला’ असे लिहावे. घर शोधताना हीच माहिती उपयोगी पडते. त्या दहांपैकी एखाद्याबद्दल तीस शनिवारांच्या अशा नोंदी असल्या, तर दोन मुले आणि एक मांजर असलेल्या घराला तो चालेल का, हे अंदाजाने सांगावे लागत नाही. लपवालपवी केली तर कुत्रे महिन्याभरात परत येते आणि मुक्काम पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

घरी पाहुणा

यापुढची पायरी म्हणजे कुत्र्याला काही दिवस घरी ठेवणे. इथे सगळे त्याला ‘फॉस्टर’ म्हणतात. माझ्या मते आपल्यासारख्या कुटुंबांना सर्वांत शोभणारी मदत हीच. कुत्रे दत्तक घेणे म्हणजे बारा वर्षांचा शब्द देणे, आणि दोन वर्षांच्या व्हिसावर तो देताना प्रामाणिक माणसाची जीभ अडखळते. सहा आठवड्यांचा शब्द मात्र आपण देऊ शकतो आणि पाळूही शकतो.

याचाही अभ्यास झाला आहे. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली शेल्टरमधली कुत्री एक-दोन रात्री घरी पाठवून पाहिली. त्या रात्री कॉर्टिसॉल उतरले, कुत्री सलग आणि शांत झोपली. शेल्टरमध्ये परतल्यावर पातळी पूर्ववत झाली. म्हणजे दोन रात्रींनी चमत्कार होत नाही, रविवारच्या सुटीने नोकरीचे होत नाही तसेच. पण २०२३ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ५१ शेल्टरांची माहिती पाहिली, तेव्हा थोड्या वेळासाठी बाहेर नेलेल्या कुत्र्यांना घर मिळण्याची शक्यता सुमारे पाचपट आणि काही दिवस घरी राहून आलेल्यांची सुमारे चौदापट आढळली. शेल्टरवाले मुळात चांगल्या स्वभावाची कुत्रीच घरी पाठवत असतील, ही शंका माझ्या मनात आली आणि तुमच्याही यावी. तरीही निम्मा परिणाम जरी खरा धरला तरी मुक्काम कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. कुत्रे घरात असले की बिल्डिंगमधले वीस जण त्याला पाहतात. पिंजऱ्यात असताना कोणीच पाहत नाही.

अडचणी आहेतच. घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी, पुष्कळ इमारतींत प्राणी चालत नाहीत. बाहेर पट्टा सक्तीचा आहे. कुत्र्याची नोंदणी आणि दरवर्षीची रेबीजची लसही. त्यातून तीन महिन्यांसाठी सासूबाई येणार असतील तर त्यांना विमानतळावर आणायला जाण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे. आपल्या आधीच्या पिढीच्या मनात कुत्रा चावणे म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने हे पक्के बसलेले आहे. ती चौदा इंजेक्शने केव्हाच गेली; आता दंडावर चार-पाच डोस असतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, ही भीती मात्र खरी आहे, म्हणून शेल्टरच्या लस टोचलेल्या कुत्र्यानेही ओरखडा काढला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. देवघर आणि स्वयंपाकघराला मुलांसाठी मिळते तसे छोटे फाटक लावले, की सोवळ्याचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा बहुधा कुत्रेच सोडवते. दुपारी घरात कोणी नसताना आजी त्याच्याशी मराठीत बोलतात, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

सर्वांत अवघड दिवस कुत्रे परत करण्याचा, किंवा नव्या घरी पोचवण्याचा. मुले रडतात. त्यांना आधीच तारीख सांगावी, कॅलेंडरवर खूण करावी. तरीही रडतात. ते टाळण्यासाठी ‘ठेवूनच घेऊ या’ असे म्हणण्याचा मोह होतो. तेव्हा आपला व्हिसा काढून त्याची तारीख पाहावी.

पैशाबद्दल सावधगिरीचे दोन शब्द. आपल्याकडे चांगले काम दिसले की लगेच वर्गणी सुरू होते. अमिरातीत परवाना नसलेल्या व्यक्तीने किंवा मंडळाने देणग्या गोळा करणे बेकायदेशीर आहे; २०२१ चा तिसरा संघीय कायदा याचसाठी आहे आणि त्यात वस्तूंचे संकलनही येते. तेव्हा हळदीकुंकवाला डबा फिरवू नये, व्हॉट्सअॅपवर आवाहन करू नये. ज्याला द्यायचे असेल त्याने स्वतः संस्थेला विचारून, तिच्या अधिकृत मार्गाने द्यावे. स्वयंसेवेसाठीही २०१८ पासून संघीय कायदा आहे, म्हणून थेट दारात जाऊन उभे न राहता संस्थेकडे रीतसर नाव नोंदवावे. लहान मुलांना आत घेतात का, कोणत्या वयापासून, हे त्या वेळीच विचारावे. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

नावे नोंदवणाऱ्यांची गर्दी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असते, हवा छान असते तेव्हा. कुत्र्यांची गर्दी जून ते ऑगस्टात असते, आणि तेव्हा आपण सगळे पुण्या-नागपुरात आंबे आणि लग्ने आटोपत असतो. ज्यांना उन्हाळ्यात सुटी मिळत नाही, ज्यांची कुटुंबे पुढे गेली आहेत आणि जे एकटे घरात बसून डबा मागवतात, अशा गृहस्थांची तिथे खरी गरज आहे. पहिल्या दिवशी बंद बूट घालावेत, पाण्याची बाटली न्यावी आणि काळी पँट टाळावी. वाळवंटातली बरीच कुत्री फिक्या रंगाची असतात आणि त्यांचे केस तीन धुण्यांतही जात नाहीत.